वेग आणि निर्णय : शेडर-आधारित चित्रसंमिश्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

दोन किंवा अधिक चित्रे एकत्र आणून त्यांचे एकच, सलग भासणारे चित्र तयार करण्याच्या क्रियेला कंपोझिटिंग अथवा चित्रसंमिश्रण असे म्हणतात. हवामानाच्या नकाशापुढे उभी राहून बोलणारी दूरचित्रवाणीवरील निवेदिका, चित्रपटात ढगांमधून जाणारे यान, दूरस्थ बैठकीत बोलणाऱ्या व्यक्तीच्या मागे धूसर केलेली खोली ही सर्व संमिश्रणाचीच रूपे होत. एकेकाळी अशा दृश्याच्या प्रत्येक फ्रेमसाठी प्रयोगशाळेत किंवा संगणकावर दीर्घकाळ काम करावे लागे. आज तेच काम सेकंदाच्या पंचविसाव्या किंवा साठाव्या भागात पूर्ण होते. हे शक्य झाले ते ग्राफिक्स प्रोसेसरवर, म्हणजे जीपीयूवर, चालणाऱ्या शेडर नावाच्या लहान आज्ञावलींमुळे.

या परिवर्तनाची चर्चा सामान्यतः वेगाच्या परिभाषेत केली जाते. प्रतिसेकंद किती फ्रेम, किती पिक्सेल, किती थर, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांची उत्तरे मिळाली की मूल्यमापन पूर्ण झाले असे मानले जाते. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या प्रश्नाचा विचार केला आहे. चित्र तत्क्षणी तयार होऊ लागले की त्या चित्राविषयीचा निर्णय कोण घेतो आणि केव्हा घेतो? संथ पद्धतीत सदोष नियमाने तयार झालेले चित्र पाहून ते दुरुस्त करण्यास माणसाला अवसर असे. तत्क्षण प्रक्षेपणात हा अवसर उरत नाही. डोळ्याने करावयाचा निवाडा आधीच लिहून ठेवलेल्या नियमाकडे सोपविला जातो. म्हणूनच त्या नियमाचे, म्हणजे शेडरच्या संहितेचे, काळजीपूर्वक वाचन करणे हा केवळ अभियांत्रिकीचा विषय राहत नाही. तो चित्रसमीक्षेचाही विषय ठरतो, अशी या लेखाची भूमिका आहे.

संमिश्रणाचा नियम आणि त्यामागील गृहीतक

संमिश्रणाची कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ मध्ये काळ्या पार्श्वभूमीपुढे एकाच फिल्मवर पुनःपुन्हा चित्रण करून एका माणसाची अनेक मस्तके दाखविली होती. भारतात दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांतील चमत्कृतिदृश्यांतही दुहेरी चित्रणाचा उपयोग झालेला आहे. या पद्धतीत सर्व निर्णय कॅमेऱ्याची मूठ फिरविण्यापूर्वीच घ्यावा लागे. एकदा फिल्मवर प्रकाश पडला की दुरुस्ती नाही. पुढे ऑप्टिकल प्रिंटर आला. वेगवेगळ्या फिल्मपट्ट्या मॅटच्या, म्हणजे झाकणपट्टीच्या, साहाय्याने नंतर एकत्र करता येऊ लागल्या आणि निर्णय चित्रणानंतरच्या टप्प्याकडे सरकला.

संगणकीय संमिश्रणाची खरी पायाभरणी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे एड कॅटमल आणि अॅल्व्ही रे स्मिथ यांनी प्रत्येक पिक्सेलच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या मूल्यांबरोबर चौथे मूल्य साठविण्याची कल्पना मांडली. या चौथ्या मूल्यास अल्फा असे नाव पडले. त्या पिक्सेलचा किती भाग वस्तूने व्यापलेला आहे, हे अल्फा सांगतो. मूल्य ० असेल तर पिक्सेल रिकामा, १ असेल तर पूर्ण व्यापलेला, ०.५ असेल तर अर्धा व्यापलेला. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधील थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी सिग्राफ परिषदेत सादर केलेल्या शोधनिबंधात या कल्पनेला बीजगणिताचे रूप दिले. दोन चित्रे एकत्र करण्याच्या बारा रीती त्यांनी सांगितल्या. त्यांतील सर्वाधिक वापरली जाणारी रीत म्हणजे 'ओव्हर', अर्थात एक चित्र दुसऱ्यावर ठेवणे. तिचा नियम एका ओळीत सांगता येतो : अंतिम रंग = वरचा रंग + (१ − वरचा अल्फा) × खालचा रंग. मात्र येथे वरचा रंग त्याच्या अल्फाने आधीच गुणलेला असावा लागतो. यालाच पूर्वगुणित रंग म्हणता येईल.

या नियमाचे सौंदर्य त्याच्या अल्पाक्षरी स्वरूपात आहे. एक गुणाकार, एक वजाबाकी, एक बेरीज एवढ्यावर काचेचा पेला, धुराचा लोट आणि केसांची बट ही सर्व साधतात. परंतु कोणत्याही अल्पाक्षरी सूत्राप्रमाणे येथेही एक गृहीतक दडलेले आहे. अल्फा हे मूल्य पिक्सेलचा किती भाग व्यापला ते सांगते, कोणता भाग व्यापला ते सांगत नाही. दोन थरांच्या कडांचा एकमेकींशी काही संबंध नाही, असे समजूनच हा नियम चालतो.

एका छायाचित्राचे कात्रीने दोन तुकडे करून ते पुन्हा जोडले आहेत अशी कल्पना करावी. कापाच्या रेषेवरील पिक्सेलचा अर्धा भाग एका तुकड्यात आहे, अर्धा दुसऱ्यात. दोन्ही तुकडे मिळून पिक्सेल पूर्ण भरतो. नियमाचे उत्तर मात्र ०.५ + ०.५ × ०.५, म्हणजे ०.७५ असे येते. उरलेल्या २५ टक्के जागेतून मागची पार्श्वभूमी डोकावते आणि सांध्यावर एक बारीक रेघ दिसते. मांडणीकार ही रेघ पाहून ओळखतो आणि तेथे 'ओव्हर'ऐवजी साध्या बेरजेची रीत वापरतो. पोर्टर आणि डफ यांच्या निबंधात अशी बेरजेची रीतही दिलेली आहे. नियम अपुरा आहे, म्हणून तो निरुपयोगी नाही; तो कोठे लागू करावा हे जाणणारा डोळा त्याच्या सोबतीला आहे, असे तेथे धरलेले आहे.

शेडरची घडण : एकेकट्या पिक्सेलचा विचार

शेडर या शब्दाचा मूळ संबंध चित्रसंमिश्रणाशी नाही, तर पृष्ठभागांच्या छायाप्रकाशाशी आहे. १९८४ च्या त्याच परिषदेत लुकासफिल्मच्याच रॉबर्ट कुक यांनी पृष्ठभागाच्या रंगाची आकडेमोड ठरीव साच्यात न ठेवता लहान लहान क्रियांच्या वृक्षाने मांडावी असे सुचविले. १९८५ मध्ये केन पर्लिन यांनी प्रत्येक पिक्सेलवर स्वतंत्र आज्ञावली चालविणारी व्यवस्था सादर केली. आजच्या पिक्सेल-शेडरची ती जवळची पूर्वज होय. १९९० मध्ये पॅट हॅनराहन आणि जिम लॉसन यांनी शेडरसाठीच्या स्वतंत्र भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. या सर्व व्यवस्था चित्र सावकाश तयार करण्यासाठी होत्या.

ही कल्पना सर्वसामान्य संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर आली ती २००१ मध्ये, एनव्हिडिया कंपनीच्या जीफोर्स ३ या प्रोसेसरबरोबर. त्यातील पिक्सेल-शेडर अगदी मर्यादित होते. २००२ मधील एटीआयच्या रेडिऑन ९७०० ने दशांश-अपूर्णांकांची आकडेमोड पिक्सेलच्या पातळीवर आणली. २००४ मध्ये ओपनजीएल २.० या प्रमाणकात शेडरची भाषा समाविष्ट झाली. २००५ मध्ये अॅपलने मॅक ओएस एक्स १०.४ मध्ये कोअर इमेज ही चित्रप्रक्रियेची व्यवस्था दिली. तिच्यात एकापुढे एक जोडलेली अनेक गाळणे शक्य तेथे एकत्र करून जीपीयूवर चालविली जात. २०११ मध्ये वेबजीएलमुळे हीच क्षमता ब्राउझरमध्ये पोहोचली.

वेगाचे रहस्य शेडरच्या एका कठोर शिस्तीत आहे. पिक्सेल-शेडर ही आज्ञावली एकाच पिक्सेलपुरती लिहिली जाते आणि ती सर्व पिक्सेलांवर स्वतंत्रपणे चालते. मूळ चित्रातील कोणत्याही जागेचा रंग तिला वाचता येतो, पण त्याच वेळी शेजारच्या पिक्सेलचे उत्तर काय निघाले हे तिला कळत नाही. परस्परावलंबन नसल्यामुळेच शेकडो किंवा हजारो पिक्सेलांची आकडेमोड एकाच वेळी करता येते. १९२० × १०८० या आकाराच्या चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास सेकंदाला ५,१८,४०,००० पिक्सेलांची उत्तरे काढावी लागतात, तीही प्रत्येक थरासाठी. अशी गणना एकामागून एक करणाऱ्या प्रोसेसरवर जड जाते. शेडरच्या शिस्तीत ती सहज बसते.

ही शिस्त काही क्रियांना अनुकूल आणि काहींना प्रतिकूल आहे, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते. रंगसंतुलन, 'ओव्हर' संमिश्रण, धूसरीकरण या क्रिया तिला मानवतात. धूसरीकरणात २१ × २१ पिक्सेलांचा परिसर घेतला तर प्रत्येक पिक्सेलसाठी ४४१ नमुने वाचावे लागतील. परंतु गॉसियन धूसरीकरण आधी आडव्या आणि मग उभ्या दिशेने असे दोन टप्प्यांत करता येते आणि ४२ नमुन्यांत काम भागते. याउलट, चुकीचा उर्वरित अंश शेजारच्या पिक्सेलकडे सोपवीत जाणारी १९७६ मधील फ्लॉइड-स्टाइनबर्ग रीत किंवा एका बिंदूपासून पसरत जाणारे रंगभरण या क्रिया शेडरला अवघड जातात, कारण त्यांत एका पिक्सेलचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून असते. २००७ पासून कूडा आणि पुढे कंप्यूट शेडर यांनी ही बंधने बरीच सैल केली असली, तरी स्वस्त काय आणि महाग काय याचा मूळ कल बदललेला नाही.

प्रकाश की संकेतांक?

शेडर-आधारित संमिश्रणाची सर्वांत गंभीर परीक्षा एका साध्या प्रश्नाने होते : ज्या अंकांची बेरीज केली जाते ते अंक कशाचे आहेत? सामान्य चित्रफायलीत ० ते २५५ असे जे मूल्य साठविलेले असते ते प्रकाशाचे प्रमाण नसते. काळोख्या छटांतील फरक डोळ्याला अधिक जाणवतात; म्हणून त्या छटांना अधिक अंक मिळावेत अशा वक्र पद्धतीने ते लिहिलेले असते. जुन्या काचनळीच्या पडद्याचे गुणधर्मही या वक्राशी जुळणारे होते. एसआरजीबी या नावाने हा वक्र १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणक ठरला. परिणामी १२८ हा अंक २५५ च्या निम्मा असला तरी पडद्यावर तो पांढऱ्याच्या निम्मा प्रकाश देत नाही. सुमारे २२ टक्केच देतो. निम्म्या प्रकाशासाठी सुमारे १८८ हा अंक लागतो. म्हणजेच साठविलेला अंक हा प्रकाश नसून प्रकाशाचा संकेतांक आहे.

'ओव्हर'चा नियम मात्र प्रकाशासाठी आहे. पिक्सेलचा अर्धा भाग एका वस्तूचा आणि अर्धा दुसरीचा असेल तर डोळ्याकडे येणारा प्रकाश दोहोंच्या प्रकाशाची सरासरी असतो, संकेतांकांची नव्हे. संकेतांकांचीच सरासरी काढली तर काय होते, हे तांबडी वस्तू हिरव्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहता येईल. कडेच्या अर्धव्याप्त पिक्सेलमध्ये तांबडा व हिरवा यांचे अंक प्रत्येकी १८८ च्या सुमारास यायला हवेत. चुकीच्या आकडेमोडीत ते १२८ च्या आसपास येतात. वस्तूभोवती मळकट, काळसर किनार उमटते. चित्र 'चिकटवल्यासारखे' दिसते अशी जी तक्रार प्रेक्षक करतात तिच्यामागे अनेकदा हे कारण असते. धूसरीकरणात हा दोष अधिक ठळक होतो. रात्रीच्या दृश्यातील दिवे संकेतांकांवर धूसर केले तर ते तेजस्वी वर्तुळे न होता राखाडी ठिपके होतात.

येथे एक प्रतिवाद नोंदवावयास हवा. दोन सपाट रंगांमधील क्रमिक छटा किंवा शीर्षकपट्टीची अर्धपारदर्शकता अशा आलेखीय कामांत संकेतांकांवरचे मिश्रण डोळ्याला अधिक सम भासू शकते. वेबपृष्ठांच्या मांडणीतही संकेतांकांवरील मिश्रण हीच रूढ रीत आहे आणि मांडणीकारांचे डोळे तिला सरावले आहेत. तेव्हा प्रत्येक प्रसंगी एकच रीत बरोबर असा आग्रह धरता येणार नाही. परंतु जेथे छायाचित्रावर छायाचित्र ठेवून ते एकाच जागी, एकाच प्रकाशात घडल्याचा दावा केला जातो, तेथे प्रकाशाचाच हिशेब ठेवावा लागतो. हा दावा करणारे चित्र दुसऱ्या हिशेबावर उभे असेल तर त्याच्या कडा ते उघड करतात.

आरंभीच्या काळात या चुकीला सबळ सबब होती. आठ बिटांच्या साठवणीत प्रकाशमूल्ये ठेवली तर काळोख्या छटांत पायऱ्या पडत. ही सबब आज टिकत नाही. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ मध्ये खुल्या केलेल्या ओपनइएक्सआर या फाइल-स्वरूपात १६ बिटांचे अपूर्णांक वापरून पांढऱ्याहून कितीतरी तेजस्वी मूल्येही साठविता येतात. एसआरजीबी चित्र वाचताना त्याचे प्रकाशमूल्यात रूपांतर करण्याची सोय २००६ मधील ओपनजीएल २.१ मध्ये आणि लिहिताना उलट रूपांतर करण्याची सोय २००८ मधील ३.० मध्ये प्रमाणित झाली. ग्राफिक्स प्रोसेसर हे रूपांतर जवळजवळ विनामूल्य करतो. योग्य उत्तर आणि अयोग्य उत्तर दोन्ही सारख्याच वेगाने मिळत असताना अयोग्य उत्तर स्वीकारले जात असेल, तर त्याचे कारण यंत्राच्या मर्यादेत नसून संहितेकडे पाहण्याच्या वृत्तीत शोधावे लागते.

हिरवा पडदा : दोन ओळींचा निवाडा

नियमाकडे सोपविलेल्या निवाड्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे हिरव्या पडद्यापुढील चित्रण. पेट्रो व्लाहोस यांनी चित्रपटांसाठी निळ्या पडद्याची रंगफरक पद्धती विकसित केली. तिचे तत्त्व शेडरला विलक्षण मानवते, कारण ते शेजाऱ्याची विचारपूस न करता एका पिक्सेलपुरतेच लागू होते. हिरव्या पडद्यासाठी ते असे मांडता येईल : पिक्सेलच्या हिरव्या मूल्यातून तांबडे व निळे यांपैकी जे मोठे असेल ते वजा करावे, फरक जितका मोठा, तितका तो पिक्सेल पडद्याचा. शेडरमध्ये हे दोन ओळींत लिहिता येते.

पडद्याचा पिक्सेल तांबडा ०.१, हिरवा ०.७, निळा ०.१ असा असेल तर फरक ०.६ येतो, ही पूर्ण पारदर्शकता मानू. त्वचेच्या कोणत्याही छटेत तांबडे मूल्य हिरव्याहून अधिक असते, म्हणून फरक शून्याखाली जातो आणि चेहरा शाबूत राहतो. हळदीचा पिवळा रंगही याच कारणाने सुरक्षित. पण निवेदिकेने पोपटी साडी नेसली असेल आणि तिचा एखादा पिक्सेल तांबडा ०.४, हिरवा ०.७, निळा ०.२ असा असेल, तर फरक ०.३ येतो आणि साडी निम्मी पारदर्शक होते. हातातील हिरव्या चुड्याचेही तेच होईल. नियमाच्या दृष्टीने साडी आणि पडदा यांत गुणात्मक भेदच नाही. आहे तो केवळ प्रमाणाचा. चित्रपटाच्या संथ संमिश्रणात कारागीर अशा वेळी हाताने झाकण रेखाटतो. थेट प्रक्षेपणात तो पर्याय फारसा नसतो. म्हणून पोशाखाचा रंगच आधी बदलला जातो किंवा पडदा निळा लावला जातो. नियमाला जुळवून घेण्याची जबाबदारी येथे माणसावर येते, ही बाब लक्षणीय आहे.

यात कॅमेऱ्याचाही वाटा असतो. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत ब्राइस बेयर यांच्या रचनेनुसार हिरव्या प्रकाशाचे संवेदक तांबड्याच्या किंवा निळ्याच्या दुप्पट असतात. हिरवा पडदा पसंत केला जाण्याचे हे एक कारण. मात्र जागा वाचविण्यासाठी व्हिडिओत रंगाची माहिती बऱ्याचदा चार पिक्सेलांमागे एकदाच साठविलेली असते. तेजाची कड तीक्ष्ण आणि रंगाची कड बोथट अशी विसंगती निर्माण होते आणि केसांभोवतीची कापणी दातेरी दिसते. शेडरची संहिता निर्दोष असली तरी तिला पुरविलेली सामग्री अपुरी असेल तर निवाडा अपुराच होणार.

दूरस्थ बैठकीतील धूसर पार्श्वभूमीत पडदाच नसतो. तेथे व्यक्ती कोणती आणि पार्श्वभूमी कोणती हे प्रशिक्षित संगणकीय प्रतिमान ठरविते आणि त्याने दिलेल्या झाकणाच्या आधारे प्रत्यक्ष मिश्रण होते. खुर्चीची पाठ नाहीशी होणे, केसांभोवती उजळ वलय दिसणे हे दोष सर्वपरिचित आहेत. येथे निवाडा दोन ओळींत वाचताही येत नाही. या तुलनेत रंगफरक पद्धतीची संहिता सदोष असली तरी पारदर्शी आहे. ती का चुकली हे सांगता येते. समीक्षेच्या दृष्टीने हा मोठा गुण होय.

स्वस्ताईची सौंदर्यदृष्टी

जे स्वस्त असते ते विपुल होते, आणि जे विपुल होते ते काही काळाने शैली म्हणून ओळखले जाते. २००३ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये मासाकी कावासे यांनी एका खेळातील चित्रोत्तर परिणामांच्या रीती सादर केल्या. तेजस्वी भाग वेगळे काढून, ते लहान आकारात धूसर करून मूळ चित्रात मिळविले की प्रकाश सांडल्याचा भास होतो. ब्लूम या नावाने तो ओळखला जातो. खऱ्या भिंगातही प्रकाश असा पसरतो; त्यामुळे कल्पनेला भौतिक आधार आहे. परंतु पुढील काळातील अनेक खेळांत आणि व्हिडिओंत प्रत्येक पांढरी वस्तू, मग ती दिवा असो वा भिंत, सारखीच झळकू लागली. याचे कारण पुन्हा संकेतांकांत आहे. २५५ या मर्यादेला टेकल्यावर सूर्यप्रकाशित भिंत आणि सूर्य यांचा अंक एकच होतो. कोणती वस्तू प्रकाश देते आणि कोणती फक्त उजळ आहे हा भेद पुसला जातो. पांढऱ्याहून तेजस्वी मूल्ये राखणाऱ्या आकडेमोडीत हा भेद टिकतो आणि झळाळी योग्य ठिकाणीच दिसते.

यावरून एक सर्वसाधारण विधान करता येईल. शेडरने चित्रकाराला नवी भाषा दिली आहे, हे निर्विवाद. २०१३ पासून इनिगो किलेझ आणि पोल जेरेमियास यांच्या शेडरटॉय या व्यासपीठावर केवळ काही ओळींतून निसर्गदृश्ये उभी करणाऱ्या रचना प्रसिद्ध होत आहेत; तेथे चित्राबरोबर त्याची संहिताही वाचकापुढे असते. परंतु कोणत्याही भाषेत सहज येणारे वाक्प्रयोग आणि विचारपूर्वक निवडलेले शब्द यांत जे अंतर असते, ते येथेही आहे. एखादा परिणाम दृश्याची गरज म्हणून आला की तो स्वस्त होता म्हणून आला, हा प्रश्न समीक्षकाने विचारला पाहिजे.

निर्णयाचे स्थानांतर

'तत्क्षण' या एकाच शब्दाखाली दोन भिन्न व्यवहार एकत्र केले जातात. त्यांचा भेद न केल्यास वेगाचे मूल्यमापन एकांगी होते. पहिल्या व्यवहारात कारागीर संमिश्रणाच्या मेजावर बसलेला असतो. तो एखादे मूल्य बदलतो आणि परिणाम लगेच पाहतो. पूर्वी एका प्रयोगाचे फळ पाहण्यास जो वेळ लागे त्यात आता अनेक प्रयोग होतात. येथे वेग निर्णयशक्ती वाढवितो, कारण अंतिम निवाडा डोळ्याकडेच राहतो. शेडरच्या बाजूने केला जाणारा हा युक्तिवाद पूर्णपणे मान्य करावा लागतो.

दुसऱ्या व्यवहारात चित्र तयार होताच ते प्रेक्षकाकडे किंवा कॅमेऱ्याकडे जाते. २०१९ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'द मँडलोरियन' या मालिकेच्या पहिल्या पर्वातील चित्रण हे त्याचे महत्त्वाचे उदाहरण होय. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या स्टेजक्राफ्ट व्यवस्थेत सुमारे २० फूट उंचीची आणि २७० अंशांत वळलेली एलईडी भिंत उभारण्यात आली होती. आतील अभिनयक्षेत्राचा व्यास ७५ फूट होता. कॅमेऱ्याच्या हालचालीनुसार भिंतीवरील दृश्य अनरियल इंजिनच्या साहाय्याने तत्क्षणी बदलत असे. नायकाचे चिलखत आरशासारखे चकचकीत. हिरव्या पडद्यापुढे त्यावर सर्वत्र हिरवे प्रतिबिंब पडले असते. एलईडी भिंतीमुळे त्यावर वाळवंटाचे आणि आकाशाचे प्रतिबिंब पडले, चेहऱ्यावर त्याच आकाशाचा प्रकाश आला. प्रकाशाची बेरीज येथे अंकांनी करावी लागली नाही. ती कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्ष झाली. वर चर्चिलेल्या कडांच्या समस्येचे हे मुळातूनच केलेले निराकरण आहे.

मात्र याची किंमतही आहे. पुढचा नट आणि मागचे वाळवंट एकाच फ्रेममध्ये मिसळून गेल्यावर त्यांना वेगळे करणे कठीण होते. पार्श्वभूमी कशी असावी हे चित्रणाच्या दिवसापूर्वी ठरवावे लागते. कॅमेऱ्याची मूठ फिरविण्यापूर्वी निर्णय घेणाऱ्या मूकपटांच्या निर्मात्यांच्या परिस्थितीशी ही परिस्थिती जुळते. फरक इतकाच की त्या काळी निर्णयाचा भार छायाचित्रकाराच्या अनुभवावर होता. आज त्याचा मोठा भाग आज्ञावलीतील पूर्वनिश्चित नियमांवर आहे. थेट प्रक्षेपणात आणि दूरस्थ बैठकीत तर पाहणारा कारागीरही नसतो. तेथे नियम हाच एकमेव परीक्षक उरतो.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की शेडरने संमिश्रणाचे गणित बदललेले नाही; पोर्टर आणि डफ यांचा १९८४ मधील नियम आजही तोच आहे. बदलले आहे ते नियम आणि डोळा यांचे नाते. नियमाची गृहीतके, अंकांचा अर्थ आणि सामग्रीची मर्यादा या तिन्ही गोष्टी पूर्वी कारागिराच्या निरीक्षणाने सांभाळल्या जात. तत्क्षण व्यवहारात त्या संहितेतच सांभाळाव्या लागतात. म्हणून शेडरची गुणवत्ता फ्रेमसंख्येने मोजणे अपुरे आहे. तिचे तीन साध्या कसोट्यांवर परीक्षण करता येईल. तांबडे चित्र हिरव्यावर ठेवले असता कड काळवंडते का? अर्धव्याप्त कडांचे दोन तुकडे जोडले असता सांध्यातून पार्श्वभूमी डोकावते का? दिवा आणि पांढरी भिंत एकत्र धूसर केली असता दोहोंत भेद राहतो का? या कसोट्यांना महागडी साधने लागत नाहीत. ब्राउझर चालविणारा सामान्य संगणक पुरेसा आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याचा एक थेट अर्थ निघतो. चित्रसंपादन आणि ॲनिमेशन यांचे शिक्षण साधनातील कळा व यादीतील पर्याय यांच्या ओळखीपुरते राहिले, तर विद्यार्थी वेगवान चित्र तयार करील, पण ते का फसले हे त्याला सांगता येणार नाही. भौतिकशास्त्रातील प्रकाश, गणितातील भारित सरासरी, संगणकशास्त्रातील समांतर गणना आणि कलाशिक्षणातील छटांचे निरीक्षण हे विषय एका 'ओव्हर' नियमाच्या वाचनात एकत्र येतात. दहा ओळींची संहिता वर्गात मोठ्याने वाचून, तिचे उत्तर आधी कागदावर काढून आणि मग पडद्यावर पाहून, हे चारही विभागांतील अध्यापकांना मिळून शिकविता येईल. असा प्रयत्न झाल्यास शेडर हे केवळ तंत्रसाधन न राहता वाचनाचा आणि चिकित्सेचा विषय होईल, आणि नियम कोठे अपुरा पडतो हे ओळखणारा डोळा विद्यार्थ्यांत घडविता येईल.